पाहुण्यांचा हंगाम आणि घरच्यांचा हंगाम

मराठी ललित वाङ्मयात फळझाडांची वाण कधी पडलेली नाही. संस्कृत काव्याच्या वारशाने आलेला आम्रमोहोर व त्यावरील कोकिळ, लावण्यांतील आणि भावगीतांतील आमराई, कोकणच्या कादंबऱ्यांतील नारळी-पोफळीची आगरे हे सारे आपल्या वाचकाच्या इतके परिचयाचे आहे, की त्यात आणखी काही पाहावयाचे राहिले असेल असे त्याला वाटतही नाही. तथापि एक साधा प्रश्न विचारून पाहावा. या बागांतील हंगाम आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहतो? बागेवर ज्याचे घर चालते त्याच्या, की चार दिवस फळे खावयास आलेल्याच्या? प्रश्न वरवर शेतकीचा दिसेल. परंतु तो वाङ्मयाचाच आहे. कारण निवेदकाचे स्थान बदलले की कलाकृतीतील झाडही बदलते.

सोयीसाठी या दोन दृष्टींना आपण ‘पाहुण्यांचा हंगाम’ आणि ‘घरच्यांचा हंगाम’ अशी नावे देऊ. पहिल्या दृष्टीचा उगम आपल्या सामाजिक इतिहासात आहे. कोकणातील कर्ती माणसे पोटासाठी मुंबईस गेली. त्यांची मुले मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी येऊ लागली. आणि शाळेची सुट्टी नेमकी आंब्याच्या हंगामात पडत असल्यामुळे बाग आणि सुट्टी यांची गाठ मराठी मनात कायमची बसली. मामाच्या गावाला जाण्याचे गाणे आपल्याकडे प्रत्येक मुलास पाठ असते. या गाण्यातील आनंद खरा आहे, आणि त्यास नावे ठेवण्याचा अरसिकपणा प्रस्तुत लेखक करू इच्छित नाही. परंतु या आनंदास वर्षाचा एकच महिना ठाऊक असतो. हापूसच्या झाडाचे वर्ष केवढे मोठे आहे! पावसाळा सरल्यावर पालवी जून व्हावयाची, मार्गशीर्ष-पौषात मोहोर यावयाचा, तो धुक्याने व किडीने जळू नये म्हणून जीव टांगणीस लागावयाचा, मग कैरीची गळ, वानरांपासून राखण, आणि फाल्गुनापासून वैशाखापर्यंत उतरणी. उतरलेला आंबा आढीत घालावयाचा, रोज चाळावयाचा, डागी निराळा काढावयाचा, पेटी भरावयाची. पाहुणा येतो तो या साऱ्या खटाटोपाच्या शेवटच्या अंकाला. त्याला पिकलेला आंबा दिसतो. पिकविलेला दिसत नाही.

घरातील बायकांच्या वाट्यास तर आणखी एक अंक येतो. बाजारास जाणारे फळ गेल्यावर उरलेले, फुटलेले, अतिपक्व असे जे घरात राहते, त्याचे वर्षाचे खाणे त्या करून ठेवतात. रायवळ आंब्यांचा रस आटवून साठे घालावयाची, फणसपोळ्या वाळवावयाच्या, आठळ्या राखून ठेवावयाच्या, रातांब्याची आमसुले करावयाची, आणि हे सर्व मृगाचा पहिला पाऊस अंगणात उतरण्यापूर्वी. आकाशाकडे त्या वेळी घरचे जसे पाहतात, तसे पाहुणा पाहत नाही. एकच ढग एकास रम्य आणि दुसऱ्यास वाळवणाचा वैरी वाटतो. वाङ्मयात यांपैकी पहिलाच ढग वारंवार येतो, हे आपल्या निसर्गवर्णनाचे एक मोठे उणेपण आहे.

हा भेद एका परकीय नाटकाने जितका स्वच्छ दाखविला आहे, तितका क्वचितच कोणी दाखविला असेल. चेकॉव्हचे ‘चेरीची बाग’ हे नाटक १९०४ च्या जानेवारीत मॉस्को येथील आर्ट थिएटरने प्रथम रंगभूमीवर आणले. पॅरिसहून परतलेली मालकीण, कर्जात बुडालेली इस्टेट, बागेचा लिलाव, आणि ज्याचे बाप-आजे त्याच इस्टेटीवर भूदास होते अशा माणसाने ती बाग विकत घेणे, असे त्याचे कथानक सर्वश्रुत आहे. परंतु त्यातील एक लहानसा संवाद मला संपूर्ण नाटकाची किल्ली वाटतो. म्हातारा नोकर फिर्स सांगतो, की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या बागेतील चेरी वाळवीत, मुरवीत, त्यांचा मुरंबा करीत, आणि वाळविलेल्या फळांच्या गाड्याच्या गाड्या मॉस्कोस व खारकोव्हला जात. ती रीत आता कोठे आहे, असे विचारता तो म्हणतो, की लोक ती विसरले. कोणासही आठवत नाही. मालकांना बागेच्या पांढऱ्या फुलांचे वेड आहे, तिचे नाव विश्वकोशात असल्याचा अभिमान आहे; पण फळाचे काय करावयाचे, हे मात्र घरात कोणीच जाणत नाही. बाग त्यांच्या हातून जाते ती लिलावाच्या दिवशी नव्हे. रीत विसरली त्या दिवशीच ती गेलेली असते. मालक आपल्याच बागेत पाहुणे झालेले असतात. स्वतः चेकॉव्हने मेलिखोव्हो येथे हाताने झाडे लावली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे हा संवाद त्याला का सुचला असेल, हे कळते.

यावरून ‘घरचा माणूस’ कोण, याची एक कसोटी हाती येते. ज्याला फळ टिकविण्याची रीत ठाऊक आहे आणि ती रीत पुढील पिढीस देण्याची काळजी आहे, तो घरचा. मालकीहक्काचा कागद यास पुरेसा नाही. या कसोटीस आपल्या कादंबऱ्या लावून पाहिल्या, तर गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ (१९५५) प्रथम समोर येते. या कादंबरीचे महत्त्व प्रादेशिकतेच्या सदरात घालून आपण बऱ्याच वेळा संपवून टाकतो. वास्तविक तिचे खरे सामर्थ्य निवेदकाच्या निवडीत आहे. कोकणातील एका गावाच्या ऱ्हासाची ही कथा अंबूवहिनी स्वतः सांगते. ती या घरी सून म्हणून आलेली आहे. म्हणजे तीही एके काळी परकीच होती. घरच्या रीती एकेक करून शिकत, झाडपाल्याचे गुण जाणून घेत, सणवार आणि ऋतू यांच्या फेऱ्यात वावरत ती त्या गावाची होत जाते. आणि ज्यांचा जन्म तेथे झाला ते मात्र एकामागून एक गाव सोडून जातात. घरचे पाहुणे होतात आणि बाहेरची घरची होते, हा या कादंबरीचा आंतरिक उपरोध आहे. अंबूवहिनीच्या तोंडी वनस्पती येते ती वर्णनासाठी नव्हे, उपयोगासाठी. कशाचा पाला कशावर चालतो, कोणते फळ कशास लागते, हेच तिचे निसर्गवर्णन. आणि म्हणूनच ते कोणत्याही अलंकारिक वर्णनापेक्षा मनास अधिक भिडते.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. दांडेकर जन्माने कोकणचे नव्हेत. त्यांचा जन्म १९१६ साली विदर्भातील परतवाड्याचा. तेव्हा घरच्यांची दृष्टी ही जन्मसिद्ध मिरास आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ती श्रमाने व ममत्वाने मिळवावी लागते. आणि बागेत जन्मूनही ती गमावता येते. याच सुमारास, १९५२ साली, बहिणाबाई चौधरींची गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. शेतात व घरात काम करता करता रचलेल्या त्या ओव्यांनी मराठी कवितेस घरच्या स्त्रीची दृष्टी दिली. तीनच वर्षांच्या अंतराने आलेली ही दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून शिकविली, तर विद्यार्थ्यांच्या पुष्कळ गोष्टी ध्यानात येतील. मागे जावयाचे तर तेराव्या शतकातील अरणच्या सावता माळ्यापर्यंत जाता येईल. त्याच्या मळ्यात काम आणि भक्ती यांच्या जागा निराळ्या नव्हत्या. म्हणजे घरच्यांची दृष्टीच आपल्याकडे जुनी आहे; पाहुण्यांची दृष्टी आगगाडीबरोबर आली.

तरी ‘पडघवली’स मर्यादा नाहीत असे म्हणता येणार नाही. अंबूवहिनी खोताच्या घरातील आहे. तिच्या घराचे वैभव ज्या व्यवस्थेवर उभे होते, त्या व्यवस्थेत जमीन कसणारा कूळ निराळा आणि उत्पन्नाचा धनी निराळा होता. मुंबई राज्याने १९४९ च्या कायद्याने खोती रद्द केली. आणि ‘पडघवली’ त्यानंतर सहाच वर्षांनी आली. गाव ओस पडल्याचे दुःख कादंबरी समरसून सांगते. परंतु माडावर चढणाऱ्याच्या, बागेस शिंपण करणाऱ्याच्या घरी हाच हंगाम कसा येत होता, हे तिच्या निवेदनाच्या कक्षेत पुरेसे येत नाही. श्री. ना. पेंडशांनी पुढे ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीत अनेक पिढ्यांचा पट मांडून खोती घराण्याच्या उन्मादाकडे आणि अधःपाताकडे अधिक कठोरपणे पाहिले. दोन्ही कादंबऱ्यांत घर मोठे आहे. त्यामुळे हंगामही मोठ्या घरचा आहे. चार-पाच एकरांची बाग आणि तीवर जगणारे पाच-सहा माणसांचे कुटुंब हा विषय अद्याप दूरच राहिला होता.

तो जवळ आला ना. धों. महानोरांच्या लेखनात. ‘रानातल्या कविता’ (१९६७) या पहिल्याच संग्रहाने त्यांनी दाखविले, की रान हे प्रेक्षणीय दृश्य नसून बोलणाऱ्याचे स्वतःचे अंग असू शकते. पुढे पळसखेडे येथे त्यांनी स्वतः फळबागा, विशेषतः सीताफळाच्या बागा, उभ्या केल्या. पाण्यावर व शेतीवर गद्य लिहिले. विधान परिषदेतही ते याच प्रश्नांवर बोलत. २०२३ साली त्यांचे निधन झाले तेव्हा कवी आणि बागाईतदार ही दोन्ही नावे त्यांच्यापुढे सारख्याच हक्काने लागली. सीताफळाची निवडही अर्थपूर्ण आहे. आंब्याप्रमाणे काव्यपरंपरेने डोक्यावर घेतलेले हे फळ नव्हे. ते कमी पाण्यावर, हलक्या व मुरमाड जमिनीत येते. त्याच्या पाल्यास जनावर सहसा तोंड लावीत नाही. आणि पिकू लागले की दोन-चार दिवसांत खपवावे लागते. गरिबाच्या कोरडवाहू शेतास परवडणारे हे झाड आहे. तथापि महानोरांच्या कवितेत जो उत्कट एकजीवपणा आहे, त्यात हिशेबाच्या वहीस जागा नाही. ती वही त्यांनी आपल्या गद्यासाठी राखून ठेवली. भावकवितेची ती प्रकृतीच आहे, हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते, की बाग आणि वही एकाच पानावर आणण्याचे काम कादंबरीकारांकडे शिल्लक आहे.

हे काम आता टाळण्याजोगे राहिलेले नाही. १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमीशी निगडित अशी फळबाग लागवडीची योजना आणली, आणि बाग ही खोताची अथवा सावकाराची मिरास न राहता लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. ज्याने पूर्वी केवळ ज्वारी व कपाशी पाहिली होती, तो आंबा, डाळिंब, बोर, सीताफळ लावू लागला. शेताच्या पिकाचे वर्ष चार-सहा महिन्यांचे असते. बागेचे वर्ष पिढीचे असते. आज लावलेले झाड पाचव्या-सहाव्या वर्षी फळ देणार, तोवर घर कशावर चालावयाचे? भाऊ वेगळे झाले तर जमीन फूटपट्टीने वाटता येते. विहीर आणि चांगले झाड कसे वाटावयाचे? कुटुंबजीवनाचे असे किती तरी पेच बागेने निर्माण केले आहेत, आणि हे सारे कादंबरीचे अस्सल साहित्य आहे.

आपणा मध्य प्रदेशातील मराठी मंडळींस तर हा विषय दाराशी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ नागपूरसह द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. ती सीमारेषा संत्र्याच्या मुलखातून गेली. वरूड-मोर्शी पलीकडे राहिली, सौंसर आणि पांढुर्णा अलीकडे. जमीन तीच, झाड तेच, घरातील बोलीही तीच; शाळेची भाषा तेवढी बदलली. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. भोपाळहून नागपुरास जाणाऱ्या गाडीने आपण सर्वजण पांढुर्णा स्थानकावरून किती वेळा गेलो असू! परंतु आंब्यास मराठी वाङ्मयात जे मिळाले, त्याचा शतांशही त्या संत्र्यास मिळालेला नाही.

या संत्र्याच्या बगीच्यात कादंबरीकारास काय सापडेल, याचे एकच उदाहरण देतो. संत्र्यास दोन बहार घेता येतात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे उतरते. मृग बहाराची फुले पावसाच्या आरंभी येतात आणि फळ माघ-फाल्गुनात. दोन्ही पुरते घेऊ गेल्यास झाड खचते. म्हणून घरास निवड करावी लागते. ज्या बहाराची निवड होईल, त्यापूर्वी झाडाचे पाणी तोडतात. त्यास ‘ताण देणे’ म्हणतात. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस पुरतो, भारी काळ्या जमिनीत अधिक दिवस लागतो. पाने मलूल होतात, काही गळतात, आणि मग योग्य दिवशी पाणी सोडले म्हणजे झाड फुलाने भरते. दिवस कमी पडले तर फूल येत नाही. जास्त झाले तर फांद्या वाळून सल होते. विहिरीत पाणी असताना ते झाडास न देणारा बाप आणि ते पाहणारा मुलगा, एवढ्यावरच एक संपूर्ण प्रकरण उभे राहू शकेल. त्यातच पैशाची नड असते. फळ हिरवे असतानाच व्यापारी येऊन सबंध बगीच्याचा उक्ता सौदा करू पाहतो. थांबावे तर गारपीट, फळगळ, कोळशी यांचे भय. द्यावा तर पुढे भाव चढला म्हणजे हळहळ. मुलीचे लग्न कोणत्या महिन्यात धरावयाचे, हे या घरात पंचांगाआधी बहार ठरवितो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. वाङ्मय म्हणजे कृषिखात्याची पत्रिका नव्हे. ताण आणि बहार, जंबेरीच्या खुंटावर भरलेला डोळा आणि आढीतील गवत यांची यादी दिल्याने कलाकृती होत नाही. हे शंभर टक्के खरे आहे. केवळ माहितीने ठासून भरलेल्या प्रादेशिक कादंबऱ्या आपण वाचल्या आहेत, आणि विसरलोही आहोत. परंतु पारिभाषिक शब्द यादीत असतो तेव्हा निर्जीव असतो. माणसाच्या निर्णयाचे ओझे त्यावर पडले की तो सजीव होतो. फिर्सच्या तोंडी असलेली चेरी वाळविण्याची रीत ही माहितीच आहे. पण ती विसरली गेली आहे हे कळताच तिचे काव्य होते. ‘ताण’ हा शब्दही असाच आहे. प्रिय वस्तूस तिच्याच भल्यासाठी काही काळ वंचित ठेवणे, आणि ते किती काळ हे अचूक जाणणे, याहून अधिक नाट्यमय अशी कोणती कल्पना लेखकास हवी? शब्द शेताचा आहे, अर्थ साऱ्या कुटुंबजीवनाचा आहे.

हा प्रश्न वर्गापर्यंतही येतो. सौंसर-पांढुर्ण्याकडून भोपाळास आलेल्या कुटुंबांतील मुलांचे मराठी निबंध अधूनमधून माझ्या वाचनात येतात. ‘आमची बाग’ या विषयावर लिहिताना ही मुले कोकिळेचा मंजुळ स्वर, मंद वारा आणि डोलणाऱ्या फांद्या लिहितात. ज्यांच्या घरी बगीचा आहे, त्यांच्या निबंधात आंबा असतो आणि संत्रे नसते! त्यांच्याशी बोलावे तर ताण कधी तोडला, सौदा का फिसकटला, आजीने झाडाखाली पडलेली फळे कोणास वाटली, हे सारे ती घडाघडा सांगतात. पण ते लिहावयाचे असते हे त्यांना ठाऊकच नाही. आपण शिकविलेल्या वाङ्मयाने त्यांना पाहुण्यांची भाषा दिली आणि घरची भाषा अंगणातच ठेवावयास लावली. शाळेत हिंदी, पुस्तकात पाहुण्यांची मराठी, आणि खरे अनुभव फक्त बोलीत, अशी त्यांच्या मनाची त्रिस्थळी यात्रा झाली आहे. एक पिढी अशीच गेली, तर फिर्सने सांगितलेली अवस्था आपल्याकडेही येईल: बाग असेल, आणि तिची रीत सांगणारा शब्द कोणास आठवणार नाही.

म्हणून अकादमीच्या सभासदांस व शिक्षकबंधु-भगिनींस दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी, की ललितकृतीचे निसर्गवर्णन शिकविताना ‘वर्णन किती सुंदर आहे’ याबरोबरच ‘हे कोण पाहत आहे, आणि या हंगामात त्याचे काय पणास लागले आहे’ हा प्रश्न विद्यार्थ्यास विचारावा. दुसरी अशी, की आपल्या भागातील बगीचेवाल्या घरांतील शब्द, म्हणी आणि हकीकती मुलांकडून त्यांच्याच बोलीत लिहून घ्याव्यात. त्यांचे ‘शुद्धीकरण’ करण्याची घाई करू नये. त्यांतूनच उद्याचा लेखक निघेल.

मी राहतो त्या वस्तीचे नाव बाग सेवनिया. नावात बाग आहे. भोवती आता घरे, दुकाने, रुग्णालय आणि विद्यापीठ आहे. शहरे वाढतात तेव्हा असे होतेच, आणि त्याबद्दल शोक करीत बसण्यात हशील नाही. नाव मागे राहते आणि बाग जाते, हा व्यवहार भूमीच्या बाबतीत आपल्या हातचा नसेल. भाषेच्या बाबतीत तो आपल्या हातचा आहे. संत्र्याच्या मुलखातील एखाद्या लहान कुटुंबाचे एक वर्ष, पाणी तोडण्यापासून शेवटचे फळ उतरेपर्यंत, घरच्याच माणसाने मराठीत लिहिले, तर मराठी कादंबरीस एक नवे झाड मिळेल. आणि त्या घरच्या मुलास कळेल, की त्याच्या अंगणातील शब्द पुस्तकात बसण्याच्या योग्यतेचे आहेत.